डोळ्याच्या पडद्यावर दिसणारं बीपी

१९३९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या नॉर्मन कीथ, हेन्री वॅगनर आणि नेल्सन बार्कर या तीन डॉक्टरांनी उच्च रक्तदाबाच्या २१९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळात बीपीवर भरवशाची गोळी नव्हती. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, याच्या पुढे डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं नसे. या तिघांनी रुग्णांचे चार गट पाडले आणि त्यासाठी मुख्य आधार घेतला तो डोळ्याच्या पडद्याचा. तिथल्या धमन्या नुसत्या थोड्या आकसलेल्या दिसल्या तर पहिला गट. आकसणं ठळक असेल आणि धमनीखालची शीर दबलेली दिसत असेल तर दुसरा. पडद्यावर रक्तस्राव आणि कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग आले असतील तर तिसरा. डोळ्याची मुख्य नस जिथे पडद्यात शिरते ती जागाच सुजली असेल तर चौथा. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ७० टक्के रुग्ण हयात होते. चौथ्या गटातले फक्त ६ टक्के.

आज बीपीवर स्वस्त आणि उत्तम औषधं आहेत, त्यामुळे चौथ्या गटातला माणूसही वेळेत रुग्णालयात पोचला तर वाचतो. पण त्या अभ्यासाने जे दाखवलं ते जुनं झालेलं नाही. दोन माणसांच्या बीपीचा आकडा सारखा असला तरी त्या दाबाने दोघांच्या रक्तवाहिन्यांची सारखीच हानी केलेली असते असं नाही. आकडा दंडाला पट्टा बांधून कळतो. हानी किती झाली ते पाहायचं तर रक्तवाहिनी डोळ्यांनी पाहावी लागते, आणि जिवंत माणसाच्या शरीरात, कुठेही न कापता, सूक्ष्म धमन्या आणि शिरा थेट दिसतील अशी एकच सोयीची जागा आहे: डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल.

ही जागा पाहण्याचं साधन जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे ठेवलं. त्याआधी बाहुलीच्या आत फक्त काळोख दिसे. ऑफ्थॅल्मोस्कोपमुळे त्या काळोखात प्रकाश टाकून, परत येणाऱ्या प्रकाशात पडदा पाहता येऊ लागला. पुढे शरीररचना आणि गर्भविज्ञान यांच्या अभ्यासातून या पडद्याचं नातं स्पष्ट झालं. गर्भात डोळ्याचा पडदा तयार होतो तो मेंदूच्याच एका फुगवट्यातून. त्याच्या बारीक रक्तवाहिन्यांची घडण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांशी मिळतीजुळती असते. दोघांना रक्त पुरवणारा रस्ताही एकच. मानेतून वर जाणारी कॅरोटिड धमनी कवटीत शिरल्यावर मेंदूकडे फांद्या सोडते, पण त्याआधीची तिची पहिली मोठी फांदी डोळ्याकडे जाते. त्या फांदीतून निघालेली, मिलिमीटरच्या दशांशाहून थोडीच रुंद असलेली एक धमनी पडद्याच्या आतल्या थरांना पोसते. तिला पर्यायी रस्ता नाही. ती बंद पडली की त्या थरांना दुसरीकडून रक्त मिळत नाही. काही लोकांमध्ये एखादी जास्तीची बारीक धमनी असते आणि तिच्यामुळे मधली नजर तेवढी वाचते, पण तो नशिबाचा भाग.

आपल्याकडे साठीनंतर नजरेची तक्रार आली की घरात दोन निदानं तयार असतात: मोतीबिंदू झाला असेल, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढला असेल. बहुतेक वेळा ती खरी ठरतात, हे मान्य. मोतीबिंदू वयाबरोबर येतोच. पण उरलेल्या तक्रारींमध्ये बऱ्याच अशा असतात की दुखणं डोळ्यात दिसतं आणि त्याचं मूळ रक्तवाहिन्यांत असतं, आणि त्याच रक्तवाहिन्या पुढे मेंदूत आणि हृदयात घात करतात. या तक्रारी मोतीबिंदूच्या नावाखाली महिनोन्‌महिने पडून राहतात, ही माझ्या मते आपल्या घरांतली आणि आपल्या आरोग्यव्यवस्थेतलीही मोठी चूक आहे.

पहिलं उदाहरण शिरेच्या अडथळ्याचं. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट मार्कस गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक खूण नोंदवली, ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पडद्यावर धमन्या आणि शिरा एकमेकींना जागोजागी ओलांडतात, आणि त्या ओलांडणीवर दोघींभोवती एकच वेष्टण असतं. वर्षानुवर्षांच्या जास्त दाबाने धमनीची भिंत जाड आणि कडक होते, आणि मऊ बागेच्या पाइपावर लोखंडी नळ टेकवून ठेवावा तशी खालची शीर त्या जागी चेपते. रक्ताचा ओघ तिथे मंदावतो, गुठळी धरते, आणि शिरेच्या मागच्या सगळ्या भागात रक्त आणि पाणी तुंबून पडद्यावर पसरतं. माणसाला सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसतं, किंवा नजरेचा वरचा अथवा खालचा भाग मळल्यासारखा वाटतो. दुखत काहीच नाही. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे कित्येकांना हे कळतही नाही. जगभरात ३० ते ८९ या वयोगटातल्या सुमारे २.८ कोटी लोकांना २०१५ साली हा शिरेचा अडथळा होता, असा अंदाज आहे. यात सर्वांत वरचं कारण उच्च रक्तदाब. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि काचबिंदू ही त्याच्या जोडीची कारणं.

यावर नेत्रतज्ज्ञ डोळ्यात इंजेक्शनं देतात. सूज उतरते आणि बऱ्याच जणांची नजर पुष्कळशी परत येते. पण इंजेक्शनाने डोळ्याची सूज उतरते, ज्या बीपीने शीर चेपली ते बीपी उतरत नाही. हा आजार झाल्यावर आपल्याला बीपी आहे हे पहिल्यांदा कळलेले रुग्ण नेत्रतज्ज्ञांना नवे नाहीत. अशा वेळी डोळ्याच्या उपचाराइतकंच महत्त्व फिजिशियनच्या भेटीला आहे, आणि नेमकी तीच भेट राहून जाते, कारण नजर सुधारली की माणूस बरा झाला असं घरचे समजतात.

यापेक्षा घाईची तक्रार दुसरी. एका डोळ्यासमोर वरून पडदा ओढल्यासारखा अंधार येतो, काही सेकंद ते काही मिनिटं राहतो आणि हळूहळू विरतो. पंधरा मिनिटांनी सगळं पूर्वीसारखं. चक्कर आली असेल, उपास होता म्हणून झालं असेल, ऊन लागलं असेल, अशी समजूत घालून विषय मिटतो. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले मेंदूविकारतज्ज्ञ सी. मिलर फिशर यांनी अशा झटक्याच्या वेळीच रुग्णाच्या डोळ्यात पाहिलं आणि १९५९ साली ते लिहून ठेवलं: पडद्याच्या धमनीतून पांढुरके कण पुढे पुढे सरकत होते. कण अडकला की अंधार, तो फुटून पुढे गेला की उजेड. दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट हॉलनहॉर्स्ट यांनी पडद्याच्या धमन्यांच्या फाट्यांवर अडकलेल्या चकचकीत पिवळ्या-नारिंगी कणांचं वर्णन केलं. ते कोलेस्टेरॉलचे तुकडे होते. मानेतल्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचतो, त्याचा पृष्ठभाग फाटतो आणि तिथून तुटलेले तुकडे रक्ताबरोबर वर जातात. एखादा तुकडा डोळ्याच्या फांदीत शिरला तर क्षणभर अंधार. त्याच ठिकाणचा पुढचा तुकडा मेंदूच्या फांदीत शिरला तर पक्षाघात.

म्हणून या क्षणिक अंधाराला वैद्यक आता मेंदूच्या क्षणिक झटक्याच्याच पंक्तीत बसवतं. तो येऊन गेल्यावर मानेच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी, ईसीजी, हृदयाची टूडी-इको आणि मेंदूचा एमआरआय तातडीने करावा लागतो. मानेतल्या धमनीत मोठा अडथळा सापडला तर तो साफ करण्याची शस्त्रक्रिया आहे, आणि तिचा फायदा आकड्यांनी सिद्ध झालेला आहे. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातल्या रुग्णांना मेंदूचा किंवा डोळ्याचा असा झटका येऊन गेला होता, आणि मानेची धमनी ७० ते ९९ टक्के बंद होती. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. हृदयाची लय बिघडलेली असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर गुठळी मानेतून न येता हृदयातून येते आणि उपचार वेगळा होतो. कोणता उपचार हे तपासणीनंतर ठरतं, पण तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलायची नाही. पक्षाघाताचा धोका झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो.

अंधार आला आणि गेलाच नाही, तर पडद्याची मुख्य धमनी कायमची बंद पडली असण्याची शक्यता असते. इथे सोहन सिंग हायरे यांचं नाव घ्यायलाच हवं. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात आयुष्य घालवलेले हे नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या रक्तपुरवठ्यावरचे जगातले अधिकारी संशोधक होते. रक्त थांबल्यावर पडदा किती वेळ तग धरतो, हे त्यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून मोजलं. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत रक्तप्रवाह परत सुरू झाला तर पडदा सावरत होता. २४० मिनिटं, म्हणजे चार तास उलटल्यावर हानी प्रचंड आणि कायमची. माणसात धमनी दर वेळी पूर्ण बंद होते असं नाही, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही वेळ दिवसांत नव्हे, तासांत मोजायची आहे एवढं त्यातून नक्की कळतं.

उपचारांबाबत मात्र खोटी आशा दाखवणं बरं नाही. डोळ्याला मसाज करणं, आतलं पाणी काढणं हे जुने उपाय फायद्याचे आहेत असं सिद्ध झालेलं नाही. कॅथेटर घालून थेट डोळ्याच्या धमनीत गुठळी विरघळवणारं औषध सोडण्याची एक युरोपीय चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात साध्या उपचारांपेक्षा नजर जास्त सुधारली नाही आणि दुष्परिणाम मात्र वाढले. शिरेतून ते औषध पहिल्या साडेचार तासांत देण्याचा प्रयत्न काही केंद्रं करतात. पण नजर परत येवो न येवो, रुग्णाला त्याच दिवशी पक्षाघाताची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं कारण दुसरंच आहे. अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूतही ताजे, न जाणवलेले छोटे आघात सापडतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली या आजाराकडे पक्षाघात म्हणूनच पाहावं असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे अजून त्याला ‘डोळ्याचं काहीतरी’ म्हणून सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायला लावतात.

आता थोडं उलट्या बाजूने. बीपी जास्त असणं डोळ्याला वाईट, तसं ते एकाएकी फार उतरवणंही वाईट. डोळ्याच्या मुख्य नसेचं टोक अगदी बारीक धमन्यांवर जगतं. म्हाताऱ्या, कडक झालेल्या धमन्यांमध्ये दाब झटकन पडला तर त्या टोकाला रक्त पोचत नाही आणि नजर जाते. पूर्वी दवाखान्यांत बीपी फार वाढलेलं दिसलं की जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून घालण्याची पद्धत सर्रास होती. तिने काही जणांना पक्षाघात झाला, हृदयविकाराचे झटके आले, आणि नव्वदच्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून ती बंद करण्याची मागणी झाली. रात्री झोपेत बीपी निसर्गतःच दहा-वीस टक्के उतरतं. डोळ्याच्या नसेच्या टोकाला रक्त न मिळून होणारा एक आजार कित्येकांना सकाळी जाग आल्यावर लक्षात येतो, तो याच रात्रीच्या उतारामुळे असावा, असं हायरे यांचं मत होतं. या मतावर वाद आहे. काचबिंदूच्या काही रुग्णांमध्येही डोळ्यातला दाब आणि शरीरातला दाब यांच्यातल्या तफावतीला महत्त्व आहे असं दिसतं. म्हणून ज्यांना काचबिंदू आहे किंवा ज्यांची नस आधीच दुबळी आहे, त्यांनी बीपीच्या डॉक्टरांना हे सांगून ठेवावं. रात्रीच्या गोळीची वेळ बदलायची का, हे तेच ठरवतील. गोळी आपल्या मनाने बंद करणं किंवा पुढे-मागे करणं हा उपाय नाही.

एक आजार आपल्याकडे उत्तर युरोपपेक्षा बराच कमी आढळतो, पण विसरला गेला तर किंमत दोन्ही डोळ्यांची असते. कपाळाच्या बाजूच्या आणि डोळ्याकडे जाणाऱ्या धमन्यांच्या भिंतींना सूज येते. इंग्लंडमधले डॉ. जोनाथन हचिन्सन यांनी १८९० साली एका वृद्धाचं वर्णन केलं होतं. त्याला कानशिलं इतकी दुखत की टोपी घालणं अशक्य झालं. पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या पुढे, नवी डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, भाकरी चावता चावता जबडा दुखून थांबावं लागणं, वजन उतरणं, आणि त्यात नजर अंधुक होणं, असा मेळ दिसला तर त्याच दिवशी ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड सुरू करावं लागतं. निदान पक्कं करणाऱ्या तपासण्या नंतर होतात. एक डोळा गेल्यावर उपचाराविना दुसरा काही दिवसांत जाऊ शकतो.

नजरेच्या काही तक्रारी तर डोळ्यात नसतातच. मेंदूच्या मागच्या भागात पक्षाघात झाला तर दोन्ही डोळ्यांच्या नजरेची एकच बाजू, उदाहरणार्थ डावी, पुसली जाते. हातपाय नीट चालतात, बोलणं नीट असतं, म्हणून पक्षाघाताची शंका कुणाला येत नाही. माणूस म्हणतो, ‘डाव्या डोळ्याने दिसत नाही.’ तो दाराच्या एकाच बाजूला आदळतो, वाचताना ओळीचं टोक हरवतं. एकेक डोळा झाकून पाहिलं की दोन्ही डोळ्यांना त्याच बाजूचं दिसत नाही हे उघड होतं. तसंच एकाचे दोन दिसण्याचं. एक डोळा मिटूनही दोन दिसत असतील तर बिघाड बहुधा त्याच डोळ्यात, मोतीबिंदू वगैरे. कुठलाही एक डोळा मिटताच दोनाचं एक होत असेल, तर डोळे हलवणारी एखादी नस कामातून गेलेली असते. मधुमेह आणि बीपीच्या रुग्णांमध्ये या नसेची बारीक रक्तवाहिनी बंद पडून हे होतं आणि बहुधा तीन-एक महिन्यांत आपोआप भरून येतं. पण पापणी खाली पडली, बाहुली मोठी झाली आणि डोकं जोरात दुखत असेल तर मेंदूतल्या धमनीचा फुगा त्या नसेवर दाबत असण्याचा धोका असतो. तो फुगा फुटण्याआधी पकडायचा असतो, म्हणून तिथे एक रात्रही थांबू नये.

ज्यांना लोक घाबरतात त्यांतल्या काही खुणा निरुपद्रवी असतात. सकाळी आरशात पाहिलं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक रक्त पसरलेलं, आणि घरात एकच गोंधळ. हे वरच्या पातळ आवरणाखालचं रक्त असतं, नजरेला काही होत नाही आणि दोन आठवड्यांत ते विरतं. बीपी मोजून घ्यावं, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावं, एवढं पुरे. काळ्या बुबुळाच्या कडेने म्हातारपणी दिसणारं करडं-पांढरं कडं कोलेस्टेरॉलचं लक्षण म्हणून अनेकांनी मनात धरलेलं असतं. कोपनहेगनमध्ये १२,७४५ लोकांवर तीन दशकांहून जास्त काळ लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०११ साली आला. वय आणि इतर कारणं बाजूला काढल्यावर या कड्याचा हृदयविकाराशी स्वतंत्र संबंध त्यात दिसला नाही. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यांत साचणाऱ्या पिवळ्या चट्ट्यांचा मात्र दिसला. असे चट्टे असलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण जवळपास दीडपट होतं. लोक ते चट्टे सौंदर्याचा प्रश्न म्हणून काढून टाकायला जातात. जायला हरकत नाही, पण आधी लिपिड प्रोफाइल करून घ्यावं.

पडद्याचा मधला भाग वयोमानाने झिजण्याचा आजार, ज्याला डॉक्टर एएमडी म्हणतात, त्याच्या आणि हृदयविकाराच्या नात्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. काहींना संबंध दिसतो, काहींना नाही. धूम्रपान दोघांनाही वाढवतं, याबद्दल मात्र वाद नाही. जी गोष्ट ठरलेली नाही ती ठरली म्हणून सांगू नये. एएमडी झालेल्या आजोबांना हृदयाची भीती घालण्यात अर्थ नाही. त्यांची विडी सुटली तर डोळा आणि हृदय दोन्हींचा फायदा आहे.

मधुमेहाबद्दल पुरावा सर्वांत भक्कम आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्याच्या एका भागात मधुमेह आणि उच्च रक्तदाब दोन्ही असलेले १,१४८ रुग्ण होते. अर्ध्याहून अधिक रुग्णांचं बीपी कसोशीने सांभाळलं, बाकीच्यांचं सैलपणे. प्रत्यक्षात दोन गटांतला फरक मोठा नव्हता: सरासरी १४४/८२ आणि १५४/८७. वरच्या आकड्यात दहाचा फरक. साडेआठ-एक वर्षांत या दहाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी केले, डोळ्याच्या पडद्याचा बिघाड वाढण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि नजर लक्षणीय उतरण्याचं प्रमाण ४७ टक्क्यांनी. हे आकडे मला दर वेळी थक्क करतात. नजर वाचवणारं औषध आणि पक्षाघात टाळणारं औषध वेगळं नव्हतं. तीच, रोज सकाळी घ्यायची बीपीची गोळी.

पडदा पाहून पुढचा पक्षाघात ओळखता येईल का, हेही तपासून झालं आहे. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक मध्यमवयीन लोकांच्या पडद्यांची छायाचित्रं १९९३ ते १९९५ दरम्यान काढली गेली. ज्यांच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव, फुगवटे किंवा कापसासारखे डाग होते त्यांना पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत पक्षाघात होण्याचं प्रमाण, बीपी आणि इतर कारणं हिशेबात धरूनही, दुपटी-तिपटीने जास्त आढळलं. २०१८ साली गूगलच्या संशोधकांनी २,८४,३३५ लोकांच्या पडद्यांच्या छायाचित्रांवर संगणकाला शिकवलं आणि तो नुसत्या छायाचित्रावरून माणसाचं वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगू लागला, स्त्री की पुरुष हेही बहुतेक वेळा अचूक. पाच वर्षांत हृदयविकाराचा मोठा झटका येईल का, याचा त्याचा अंदाज मात्र वय, बीपी, धूम्रपान अशा गोष्टी विचारून काढलेल्या नेहमीच्या अंदाजाच्या जवळपासच राहिला. म्हणजे ‘डोळ्याच्या फोटोवरून हृदयविकार ओळखा’ अशी जाहिरात दिसली तर पैसे खर्च करण्यापूर्वी साधं बीपी आणि साखर मोजून घ्यावी. तेवढ्याने बरंचसं काम होतं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे. चाळिशीपुढच्या मधुमेहींमध्ये साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसतो, असं दुसऱ्या एका राष्ट्रीय पाहणीत आढळलं. महाराष्ट्रात गणेश मंडळांपासून ज्येष्ठ नागरिक संघांपर्यंत सगळे नेत्रतपासणी शिबिरं घेतात, आणि त्यांनी हजारो लोकांना मोतीबिंदूच्या अंधारातून बाहेर काढलं आहे. त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच म्हणतो, की शिबिरात बहुधा दोनच गोष्टी होतात: नंबर काढणं आणि मोतीबिंदू पाहणं. चष्म्याच्या दुकानात तर पहिलीच. पडदा कुणी पाहत नाही, कारण त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, अर्धा-पाऊण तास बसावं लागतं आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं. मोतीबिंदू पिकलेला असेल तर पडदा दिसतही नाही. ऑपरेशननंतर तो प्रथमच स्वच्छ दिसू लागतो, आणि नेमका त्याच वेळी रुग्ण ‘आता छान दिसतं’ म्हणून यायचा थांबतो. ज्यांना ऑपरेशननंतरही दिसत नाही ते डॉक्टरला दोष देतात. त्यांतल्या पुष्कळांचा पडदा आधीच बीपीने किंवा मधुमेहाने खराब झालेला असतो.

शिबिरं घेणाऱ्या मंडळांना विनंती अशी, की नोंदणीच्या टेबलाशेजारी बीपी आणि साखर मोजायचं टेबल ठेवा, आणि शक्य असेल तिथे पडद्याचं छायाचित्र काढणारा कॅमेरा एका दिवसासाठी मागवा. आणि घरोघरच्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना: आई-वडिलांना मधुमेह किंवा बीपी असेल तर दर वर्षी एकदा थेंब घालून त्यांचा पडदा तपासून घ्या. त्या दिवशी त्यांना एकट्याने गाडी चालवू देऊ नका, सोबत जा. येताना नेत्रतज्ज्ञांनी लिहून दिलेला कागद चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवू नका. जो डॉक्टर त्यांना बीपीची गोळी देतो, त्याच्या हातात तो नेऊन द्या.